खालून ट्रक, वरून शिडाची होडी: वेलुवेमेरचा जलसेतू

एन-३०२ हा नेदरलँड्समधला एक साधा प्रांतीय रस्ता. हार्डरवाइक गाव मागे टाकून तो लेलीस्टाडच्या दिशेने निघतो, वेलुवेमेर तळ्यातल्या भरावावर येतो आणि तळ्याच्या मधोमध हळूच खाली उतरतो. डोक्यावरून पाण्याचा एक पट्टा आडवा जातो, गाडीत क्षणभर सावली येते आणि रस्ता पुन्हा वर चढून उजेडात येतो. ताशी ऐंशीच्या वेगाने जात असाल तर सगळा प्रकार एका सेकंदात आटोपतो. त्या सेकंदात तुमच्या टपावरून एखादी शिडाची होडी गेलेली असू शकते, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या जलसेतूचे, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पुलाचे, ड्रोनने काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतात. निळं तळं, त्यातून गेलेली रस्त्याची करडी रेघ, आणि ती रेघ मधेच पाण्याखाली गडप झालेली. खाली हमखास कोणीतरी विचारतं, सरळ पूल का नाही बांधला? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र फोटोत दिसत नाही, कारण ते फोटोच्या चौकटीबाहेरच्या जमिनीत आहे. मला तिथे जायचं होतं ते यासाठीच. माझी सगळी नोकरी कालव्यांवर गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो तेव्हापासून ओढा आडवा आला की कालवा पलीकडे कसा न्यायचा, सायफन घालून ओढ्याखालून की जलसेतू बांधून वरून, हेच पाहत आलो. आमच्या जलसेतूंवरून उसाला जाणारं पाणी वाहायचं. होडी वाहून नेणारा आणि खालून हमरस्ता जाऊ देणारा जलसेतू पाहायची हौस जुनीच. ताई आणि भावोजी आम्स्टेलवेनला राहतात. ट्यूलिपचा मोसम सरून गेल्यावर जूनमध्ये आलो म्हणून ताईला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, ताई, मला फुलं नकोत, मला हार्डरवाइकला ने.

आम्स्टेलवेनहून तासाभराचा रस्ता. भावोजींनी शनिवार निवडला, कारण होड्या सुटीच्या दिवशी बाहेर पडतात. आमर्सफोर्टनंतर ए-२८ महामार्ग झाडीतून जातो. उजवीकडे वेलुवे, म्हणजे वाळूची, पाइनची, किंचित उंच अशी जुनी जमीन. हे ‘जुनी’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हार्डरवाइक हे एके काळचं बंदर. हान्सा व्यापारी संघातलं गाव, विटांची तटबंदी, आणि तटाला समुद्राकडे उघडणारा मासळी दरवाजा, तिथल्या भाषेत फिसपोर्ट. दरवाजाच्या डोक्यावर दिवा आहे, पूर्वी तो दीपगृहाचं काम करायचा. वनस्पतींना आणि प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावं देण्याची पद्धत ज्याने रूढ केली त्या कार्ल लिनियसने १७३५ मध्ये याच गावच्या विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, विषय होता हिवताप. ते विद्यापीठ पुढे नेपोलियनच्या काळात बंद झालं. दरवाजासमोर उभं राहिलं की एक गोष्ट खटकते. दीपगृह आहे, कोळ्यांची घरं आहेत, धुरी दिलेल्या वाम माशाचा खमंग वास आहे, पण समुद्र नाही. समोर आहे ते गोडं तळं, आणि तळ्यापलीकडे पवनचक्क्यांची सपाट जमीन. धुरी दिलेला वाम पावात घालून देतात. तेलकट, मऊ, तोंडात विरघळणारा. भावोजी शाकाहारी, त्यांनी चीजच्या पावावर भागवलं.

तिथून आम्ही पाण्याच्या कडेने भरावाकडे चालत निघालो. वारा भरपूर होता. जलसेतूच्या दोन्ही अंगांना पादचाऱ्यांसाठी वाट आहे, म्हणजे पाण्याच्या शेजारून चालत तुम्ही रस्ता ओलांडता. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि बराच वेळ हललो नाही. एका बाजूला, हात लांब केला तर भिजेल इतक्या जवळ, तळ्याचं हिरवट पाणी. वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा काँक्रीटच्या काठावर चपचप आपटत होत्या. काठाला पाण्याच्या रेषेवर शेवाळाची पट्टी. दुसऱ्या बाजूला, त्याच कठड्यावरून वाकून पाहिलं की पायाखालून दूध, भाजी, कंटेनर घेऊन ट्रक सुसाट जाताहेत. ट्रकच्या टपापेक्षा पाणी वर आहे, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. दिवसाला सुमारे २८ हजार वाहनं इथून जातात. वाहनांचा आवाज खालून येतो आणि दोन्ही भिंतींत घुमून वर चढतो. लाटांचा आवाज मात्र त्यातूनही ऐकू येतो.

जलसेतू २००२ मध्ये खुला झाला. आकडे ऐकले तर वाटेल, एवढासाच? लांबी जेमतेम २५ मीटर, रुंदी १९ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. पण सगळी करामत त्या तीन मीटरमध्ये आहे. हे तळं मुळात उथळ. इथे फिरतात त्या शिडाच्या होड्या, मोटरबोटी, उथळ तळाची मालवाहू गलबतं. त्यांना खोल पाणी लागत नाही, पण उंची लागते. साध्या शिडाच्या होडीचीही डोलकाठी दहा-पंधरा मीटर वर जाते. तिच्यावरून पूल न्यायचा तर तो तेवढा उंच हवा, आणि तेवढ्या उंचीवर ट्रक चढवायचे तर दोन्ही बाजूंना लांबच लांब चढ हवेत. उघडझाप करणारा पूल बांधला तर प्रत्येक होडीसाठी रस्ता थांबवावा लागतो. रस्ता खाली नेला तर मात्र हिशेब बदलतो. तीन मीटर पाणी, त्याखाली स्लॅब, त्याखाली ट्रक जाईल एवढी जागा, बस. वर डोलकाठी कितीही उंच असो, तिला आकाश मोकळं. होडीवाल्याला थांबायला नको, ट्रकवाल्याला थांबायला नको.

आता स्लॅबवरचा भार. २५ गुणिले १९ गुणिले ३, म्हणजे साधारण चौदाशे टन पाणी चोवीस तास त्याच्या छातीवर आहे. मग त्यावरून वीस टनांची होडी गेली तर? काहीच फरक पडत नाही. होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि ते पाणी तळ्यात पसरून जातं. पट्ट्यावर होडी असो वा नसो, स्लॅबला तेच चौदाशे टन. नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी हे आर्किमिडीजचं गणित मला कागदावर मांडून दाखवलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं. रस्त्याच्या पुलाला हे सुख नाही, तिथे येणारा प्रत्येक ट्रक आपलं ओझं घेऊनच येतो.

खरी डोकेदुखी वरच्या पाण्याची नसून खालच्या पाण्याची असते, आणि ती फोटोत अजिबात दिसत नाही. रस्ता तळ्याच्या पातळीखाली उतरतो म्हणजे तो चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. दोन्ही काठांना पोलादी शीटपाइल, म्हणजे एकमेकांत अडकवलेले जाड पत्रे, जमिनीत ठोकून आणि काँक्रीटच्या भिंती उभ्या करून तो कोरडा ठेवलेला आहे. जमिनीतलं पाणी अशा रिकाम्या काँक्रीटला सतत वर ढकलत असतं, म्हणून त्याला खाली धरून ठेवण्याची सोय करावी लागते. पावसाचं पाणी उताराने नेमकं सगळ्यांत खालच्या जागी जमतं, ते उपसावं लागतं. असा रस्ता बांधणं म्हणजे कायमची चाकरी पत्करणं. डच लोकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या देशाचा मोठा भाग पंपांच्या जिवावर कोरडा आहे.

दुपारी आम्ही भाड्याची छोटी उघडी मोटरबोट घेतली. भावोजींनी सुकाणू धरलं, ताईने छत्री धरली, ती वाऱ्याने लगेच उलटी झाली. तळ्यातून पाहिलं तर जलसेतू ओळखूच येत नाही. समोर भरावाची हिरवी रेघ, तिच्यात एक फट. भरावावरून मोटारी डावीकडून येतात, फटीजवळ बुडतात आणि उजवीकडे उगवतात. फटीत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे कठडे जवळ येतात, लाटा भिंतींवरून परतून बोटीला जरा हेलकावतात, आणि एक क्षण असा येतो की दोन्हीकडे खाली रस्ता दिसतो. समोरून एक जुन्या धाटणीचं लाकडी गलबत येत होतं, तांबूस शीड, रुंद पोट. अशा उथळ तळाच्या मासेमारी गलबतांना बोटर म्हणतात. त्याच्या तांडेलाने हात केला, आम्हीही केला. त्याच क्षणी आमच्या खालून एक दुमजली बस गेली असती तरी त्याचं होकायंत्र हललं नसतं.

पट्टा ओलांडला की तळ्याचं नाव बदलतं. ईशान्येचं वेलुवेमेर, नैर्ऋत्येचं वोल्डरवाइट. मधे हा रस्ता.

आता तो प्रश्न: पूल का नाही, याच्या आधी विचारायला हवं की तळं का आहे. कारण हे तळं नैसर्गिक नाही. माणसांनी ते मुद्दाम ठेवलं आहे.

शंभर वर्षांपूर्वी हार्डरवाइकसमोर झाउडरझे नावाचा खारा उपसागर होता. देशाच्या पोटात घुसलेला, वादळात अंगावर येणारा. कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने १८९१ मध्येच त्याचं तोंड बंद करण्याची योजना मांडली होती. १९१६ च्या जानेवारीत वादळाने बांध फोडले, मग सरकार हललं. १९१८ मध्ये कायदा झाला, त्या वेळी लेलीच मंत्री होते. ३२ किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक बांध घालून २८ मे १९३२ रोजी समुद्राची वाट बंद झाली. लेली ते पाहायला नव्हते, १९२९ मध्येच वारले होते. खाऱ्याचं गोडं झालं, झाउडरझेचं आयसेलमेर झालं. हेरिंग आणि अँकोव्ही हे समुद्री मासे गेले. कोळ्यांना मदत देण्याचा कायदा १९२५ मध्येच झाला होता, पण मदतीने धंदा परत येत नाही. फिसपोर्टसमोर मला जे खटकलं त्याचं कारण हे. कोकणातल्या कुठल्याही कोळीवाड्यात बसून हे वाचणाऱ्याला त्यातलं दुःख समजावून सांगायला नको. बांधाने लोकांना पुरापासून वाचवलं हे खरं, आणि त्याची किंमत या काठच्या घरांनी चुकवली हेही तितकंच खरं.

मग त्या गोड्या पाण्यात एकेक पोल्डर तयार झाले. पोल्डर म्हणजे बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं आणि तळाची जमीन कसायला घ्यायची. १९४२ मध्ये कोरडा झालेला नॉर्डओस्ट पोल्डर थेट जुन्या किनाऱ्याला चिकटवला होता. सोपं वाटलं होतं. पण नवी जमीन समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली आणि जुनी जमीन वर. जुन्या जमिनीतलं भूजल उताराने नव्या खड्ड्यात पाझरू लागलं. शेजाऱ्याने खोल विहीर खणली की आपल्या विहिरीचं पाणी उतरतं, तसंच. जुन्या किनाऱ्यावरची शेतं सुकू लागली आणि पोल्डरचे पंप मात्र जास्तीचं पाणी उपसत बसले.

ही चूक पुन्हा करायची नाही असं ठरवून पुढचे दोन पोल्डर, १९५७ चा पूर्व फ्लेव्होलँड आणि १९६८ चा दक्षिण फ्लेव्होलँड, किनाऱ्यापासून सोडून आखले. मधे पाण्याची एक लांब माळ ठेवली: ड्रोंटरमेर, वेलुवेमेर, वोल्डरवाइट, एममेर, खोइमेर अशी एकापुढे एक तळी. या तळ्यांतलं पाणी जुन्या जमिनीच्या भूजलाला टेकू देतं. वेलुवेची पाइनची जंगलं, हार्डरवाइकच्या विहिरी, सगळं त्यावर उभं आहे. त्यामुळे फ्लेव्होलँडचा मुख्य पोल्डर, सुमारे ९७० चौरस किलोमीटरचा, चारी बाजूंनी पाण्यात राहिला. जगातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित बेट. आणि बेट झालं की मुख्य भूमीकडे जाणारा प्रत्येक रस्ता पाणी ओलांडणार हे ओघाने आलं.

मला या जलसेतूचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटलं ते इथे. भराव सलग नेऊन तळं मधोमध बुजवून टाकणं स्वस्तात झालं असतं. पण हे पाणी जमिनीच्या गरजेसाठी राखलेलं, मग होड्यांनी त्याला आपलंसं केलेलं. रस्ता नंतर आला, म्हणून वाकायचं रस्त्याने. आपल्याकडे ओढ्याच्या पात्रात भराव टाकून, चार पाइपांची मोरी घालून रस्ता पुढे नेलेला मी किती वेळा पाहिला आहे, आणि पहिल्याच मोठ्या पुरात ती मोरी तुंबून वरची शेतं बुडालेलीही पाहिली आहेत. पाण्याला आधीचा मान देणं हे पैशाचं काम कमी आणि सवयीचं जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

तळं राखलं म्हणजे ते निरोगी राहिलं असंही नाही. १९६० च्या दशकाअखेरीस वेलुवेमेर निळ्या-हिरव्या शैवालाने गढूळ झालं होतं. गावांचं सांडपाणी, त्यातलं फॉस्फरस. १९७९ पासून हार्डरवाइकच्या सांडपाणी केंद्रात फॉस्फरस काढायला सुरुवात झाली आणि हिवाळ्यात पोल्डरचं कमी फॉस्फरसचं पाणी तळ्यात सोडून ते धुऊन काढू लागले. तरी वर्षानुवर्षं फारसा फरक दिसेना, कारण तळाचा गाळ ढवळणारे ब्रीम मासे पाणी निवळू देत नव्हते. ते मासे पकडून कमी केल्यावर १९९० च्या दशकात पाणी नितळ झालं, कारा जातीच्या पाणवनस्पती तळावर पसरल्या आणि हिवाळ्यात हंस परत चरायला येऊ लागले. आमच्या बोटीतून उन्हात तळाच्या वनस्पती दिसत होत्या. ताई म्हणाली, “अरे, हे तर विहिरीसारखं स्वच्छ आहे.” एखादं तळं बरं करायला इतकी वर्षं लागतात आणि ती कुणीतरी नेटाने द्यावी लागतात.

संध्याकाळी गाडीने जलसेतूखालून फ्लेव्होलँडमध्ये शिरलो. आता खालून जाताना वर काय आहे हे माहीत होतं, त्यामुळे तो एक सेकंद चांगलाच जाणवला. पलीकडे बांधावर गाडी थांबवली. एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला बटाट्याची शेतं, आणि शेतं तळ्यापेक्षा स्पष्ट खाली. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. लेलीस्टाड हे लेलींच्या नावाचं गाव, इथे पहिले रहिवासी १९६७ मध्ये आले. म्हणजे माझ्यापेक्षाही तरुण गाव. पाहण्यासारखं फार नाही, आम्ही कॉफी घेऊन परतलो.

वेलुवेमेरमुळे भूक चाळवली होती, म्हणून भावोजींनी आणखी एक जागा सुचवली, त्यांच्या रोजच्या वाटेवरची. हेगहून आम्स्टरडॅमला येणारा ए-४ महामार्ग रुलोफआरेंड्सवेनजवळ रिंगवार्ट नावाच्या कालव्याखालून जातो. हा जलसेतू १९६१ चा, वेलुवेमेरच्या चाळीस वर्षं आधीचा. दिसायला त्यात काही नाही. काँक्रीटच्या भिंती, वर कठडा, कठड्यामागे कधीतरी सरकणारी डोलकाठी. पण ही जागा मला जास्त बोलकी वाटली, कारण वेलुवेमेरला रस्ता खाली उतरून पुन्हा तळ्याच्या पातळीवर येतो, इथे मात्र कालव्याखालून गेलेला रस्ता पलीकडे फारसा चढतच नाही. पलीकडची जमीनच कालव्याच्या कितीतरी खाली आहे.

ती जमीन म्हणजे हार्लेमर तळ्याचा तळ. हे तळं वादळागणिक काठ खाऊन वाढत होतं, म्हणून लोक त्याला पाण्याचा लांडगा म्हणायचे. लेखवाटर या पवनचक्क्या बांधणाऱ्या कारागिराने १६४१ मध्ये १६० पवनचक्क्या लावून ते उपसण्याची योजना मांडली, ती कागदावरच राहिली. मग १८३६ च्या नोव्हेंबरात वादळाने तळ्याचं पाणी आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत नेलं आणि नाताळात उलट्या वाऱ्याने लायडनवर आणलं. राजा पहिला विलेम याने काम हाती घ्यायला लावलं. तळ्याभोवती साठेक किलोमीटरचा कालवा खणला, तोच रिंगवार्ट. आत वाफेच्या इंजिनांनी उपसलेलं पाणी या कालव्यात टाकायचं आणि कालव्यातून समुद्राकडे. १८४९ मध्ये त्यासाठी बांधलेली तिन्ही उपसा केंद्रं चालू होती आणि १८५२ मध्ये सुमारे १८ हजार हेक्टर जमीन उघडी पडली. आज त्याच तळावर स्किपोल विमानतळ आहे. ए-४ वर पुढे गेलात की विमानं रस्त्यावरच्या पुलांवरून टॅक्सी करत धावपट्टीकडे जाताना दिसतात. एकाच महामार्गावर थोड्या अंतराने वर होडी आणि वर विमान.

तीन केंद्रांपैकी क्रुकियस आता संग्रहालय आहे. तिथे आम्ही अख्खी सकाळ घालवली. इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास १४४ इंच, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कारखान्यात बनवलेला. गोल इमारतीच्या भिंतींतून आठ लोखंडी तुळया बाहेर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पंप. आता वाफ नाही, पण हायड्रॉलिकच्या जोरावर इंजिन हलवून दाखवतात. आठही तुळया एकदम संथपणे वर उचलल्या जातात, थांबतात, खाली येतात. इमारतीतून बाहेर येऊन पाहा, एका अंगाला रिंगवार्टचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाली गेलेली जमीन. ए-४ वर जे एका सेकंदात निघून जातं ते इथे सावकाश समजतं. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर चुकवू नये, तिथे नेदरलँड्सचा पाण्याचा नकाशा आहे, त्यात पूर आणून दाखवतात. माझी भाची तो पुन्हा पुन्हा आणायला लावत होती.

परतताना भावोजींनी मुद्दाम ए-४४ धरला. तोही महामार्ग, त्यालाही तोच रिंगवार्ट आडवा येतो, पण तिथे १९३० च्या दशकातल्या आखणीचा काख पूल आहे, उचलणारा. रविवारची दुपार, लाल दिवे लागले, फाटक खाली आलं आणि महामार्गाचा तुकडा आमच्या डोळ्यांसमोर वर उचलला गेला. इंजिनं बंद करून लोक शांत बसलेले. तीन शिडाच्या होड्या एकामागोमाग सावकाश गेल्या. शेवटच्या होडीवरची बाई केटलीतून चहा ओतत होती. मागे रांग वाढत गेली. कार्यालयाच्या गर्दीच्या वेळी हा पूल उघडत नाहीत, म्हणजे त्या वेळी होड्या ताटकळतात. थोडक्यात, एकाला वाट दिली की दुसरा थांबतो. या देशात उत्तरेच्या डेल्फझाइलपासून दक्षिणेच्या फ्लिसिंगेनपर्यंत डोलकाठी न उतरवता जाता येईल असा जलमार्ग राखून ठेवला आहे. त्या मार्गावर असे उचलणारे पूल ठिकठिकाणी आहेत, आणि जिथे महामार्गाला थांबवणं परवडत नाही तिथे जलसेतू. खाउडाजवळ ए-१२ महामार्ग खाउवे नदीखालून जातो तो त्यांतलाच एक, १९८१ चा. तिथे जायचं राहिलं, पुढच्या खेपेला जाणार.

कुणाला जायचं असेल तर थोडी माहिती. हार्डरवाइकला आम्स्टरडॅमहून रेल्वेने जाता येतं, आमर्सफोर्टला गाडी बदलायची. स्टेशनवरून जुनं गाव आणि मासळी दरवाजा पायी गाठता येतो, जलसेतू त्याच्या पुढे, पाण्याच्या कडेने. सायकल भाड्याने घेतलीत तर उत्तम. जूनमध्येही वारा बोचतो, विंडचीटर हवाच, छत्री नको. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करू नका. ट्रक आणि होडी एकाच वेळी पाहायची असतील तर उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची दुपार गाठा. एरवी कामाच्या दिवशी सकाळी ट्रक भरपूर दिसतील, होड्या मात्र मोजक्याच.